मिनोतिसच्या मागावर: हानिया ते एपिडॉरस

पहिला दिवस: हानिया

क्रीट बेटावर माणसं येतात ती समुद्रासाठी आणि क्नोसोसचा राजवाडा बघायला. मी आणि दादा आलो ते एका नटाचं गाव बघायला. अलेक्सिस मिनोतिस इथल्या हानिया शहरात, विसावं शतक उजाडता उजाडता जन्मला. हिचकॉकचा 'नटोरियस' ज्यांनी पाहिलाय त्यांनी मिनोतिसला पाहिलेलं आहे, फक्त नाव लक्षात राहिलेलं नसतं. खलनायकाच्या बंगल्यातला जोसेफ नावाचा बटलर, तो हा. दादानं राज्य नाट्यस्पर्धेत बरीच वर्षं कामं केली आहेत. पडद्यावर चार वेळा येऊन जाणारा हा माणूस आपल्या देशात हॅम्लेट आणि ईडिपस करत होता, आणि पुढे त्यानं ऑपेरागायिका मारिया कॅलासला दिग्दर्शित केलं, हे वाचल्यापासून दादाला चैन पडेना. त्याच्यामुळे मलाही.

जुनं बंदर व्हेनिसवाल्यांनी बांधलेलं. अर्धवर्तुळात घरं, तोंडाशी दीपगृह, एका बाजूला फिर्कास किल्ला. 1 डिसेंबर 1913 ला याच किल्ल्यावर ग्रीसचा झेंडा चढला आणि क्रीट अधिकृतपणे ग्रीसमध्ये सामील झालं. म्हणजे मिनोतिसचं बालपण ग्रीसमध्ये गेलंच नाही. ते गेलं स्वायत्त क्रीटमध्ये, जिथं ग्रीसमध्ये सामील होण्याची आस हाच घराघरातला विषय होता. अशा गावात वाढलेल्या मुलाला प्राचीन ग्रीक नाटक हा शाळेतला धडा वाटला नसेल. तो आपला हक्काचा ठेवा आहे असं वाटलं असेल. हा माझा तर्क आहे, पण किल्ल्याच्या तटावर उभं राहिल्यावर तो पटतो.

1920 च्या दशकाच्या सुरुवातीला एमिलिओस वेआकिस या मोठ्या नटाची मंडळी हानियात आली होती. वेआकिस प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा ईडिपस करायचा. त्या नाटकात स्थानिक पोरगेल्या मिनोतिसला छोटं काम मिळालं आणि तिथून तो रंगभूमीला चिकटला. सांगलीकर म्हणून मला हे फार ओळखीचं वाटलं. नाटक मंडळी गावात यावी, मुक्काम करावा आणि जाताना गावातला एखादा पोरगा घेऊन जावा, असं आपल्याकडेही किती वेळा घडलं.

दुपारी मिझिथ्रा चीज घातलेली बुगात्सा खाल्ली. वर साखर आणि दालचिनी, आत खारट चीज. दादानं दोन घेतल्या. जेवण झाल्यावर न मागता राकीचा छोटा ग्लास पुढ्यात येतो, त्याला नाही म्हणायचं नसतं. रात्री सूदा बंदरावरून अथेन्सजवळच्या पिरेयस बंदराची बोट धरली.

दुसरा दिवस: पिरेयस आणि अथेन्स

पहाटे बोट लागली ती कातिना पाक्सिनूच्या गावी. मिनोतिसची गोष्ट तिच्याशिवाय सांगताच येत नाही. पिरेयसमधल्या एका पीठगिरणीवाल्याच्या सधन घरात ती 1900 साली जन्मली. जिनिव्हात गाणं शिकली, आधी ऑपेरात गायली, मग नाटकात आली. दोघांचं लग्न 1940 चं, पण रंगमंचावरची सोबत त्याच्या कितीतरी आधीपासूनची. इब्सेनच्या 'घोस्ट्स'मध्ये ती आई झाली आणि तो मुलगा, ओस्वाल्ड. वयानं जवळपास बरोबरीचे दोन नट आई-मुलगा म्हणून उभे राहतात आणि पुढे आयुष्यभराचे जोडीदार होतात. दादा म्हणाला, "असं फक्त नाटकवाल्यांच्यातच होऊ शकतं गं."

मेट्रोनं ओमोनिया चौकात आलो. तिथून पाच मिनिटं चालल्यावर आगिऊ कोन्स्तान्तिनू रस्त्यावर नॅशनल थिएटरची इमारत दिसते. एर्न्स्ट त्सिलर या वास्तुविशारदाची ही रचना 1901 मध्ये पुरी झाली. दर्शनी भागात खांबांची ओळ आहे, आणि ती अथेन्समधल्याच हेड्रियनच्या ग्रंथालयावरून सुचलेली. आजूबाजूचा भाग मात्र गजबजलेला, स्वस्त हॉटेलांचा, स्थलांतरितांच्या किराणा दुकानांचा. एका दुकानात चक्क हळद आणि मसूरडाळ दिसली.

हे मूळचं राजाचं नाटकघर, रॉयल थिएटर. ते 1908 मध्ये बंद पडलं आणि चोवीस वर्षं तिथं राष्ट्रीय म्हणावी अशी रंगभूमी नव्हती. 1932 च्या मार्चमध्ये ते नॅशनल थिएटर म्हणून पुन्हा उघडलं, ते एस्किलसच्या 'अगामेम्नॉन'नं. दिग्दर्शक होता फोतोस पोलितिस. मिनोतिस आणि पाक्सिनू या पहिल्याच फळीतले. पोलितिस 1934 मध्ये अकाली गेला आणि सूत्रं आली दिमित्रिस रोंदिरिसकडे. तोही मूळचा नटच, दिग्दर्शक माक्स राइनहार्टकडे शिकून आलेला, तालमीत अतिशय कडक.

फुटपाथवरून इमारतीकडे बघत दादानं जो प्रश्न विचारला तो पुढे सगळा प्रवास आमच्यासोबत राहिला. "सोफोक्लीस गेल्याला चोवीसशे वर्षं झाली. आपल्याला वाटतं ही मंडळी तेव्हापासून आजवर सलग नाटकं करत आली. पण इथं तर दिसतंय की 1932 मध्ये यांना सगळं नव्यानं जमवायला लागलं. मग शोकांतिकेतला राजा कसा चालतो, कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा वृंद, कसा बोलतो, हे यांना कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. हेच मला या लोकांबद्दल सर्वात जास्त भिडतं. शब्द उरले होते, दगडी थिएटरं उरली होती, मधलं सगळं हरवलेलं होतं. सूर, चाल, नृत्य, मुखवट्यामागचा आवाज, यातलं काहीही हाती नव्हतं. पोलितिस, रोंदिरिस, वेआकिस, पाक्सिनू, मिनोतिस यांनी ते आपल्या अंगावर घेऊन तयार केलं. कोरसनं एकसुरात बोलायचं की नाही, यावरून त्यांच्यात टोकाचे मतभेद होते, आणि ते असणारच होते.

मिनोतिसचा हॅम्लेट 1937 चा, दिग्दर्शन रोंदिरिसचं. 1939 च्या उन्हाळ्यात नॅशनल थिएटर तो घेऊन जर्मनीत आणि लंडनला गेलं. लंडनच्या प्रेक्षकांपुढे ग्रीक भाषेत हॅम्लेट करायचा, याला छाती लागते. पुढच्या काही महिन्यांत युद्ध पेटलं. पाक्सिनू देशाबाहेर अडकली आणि अमेरिकेत पोहोचली; मिनोतिसही तिकडे गेला. 'फॉर हूम द बेल टोल्स'मधल्या पिलारच्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. ते स्वीकारताना तिनं अथेन्सच्या याच रॉयल थिएटरमधल्या सहकाऱ्यांची आठवण काढली, जे जिवंत असतील त्यांची आणि नसतील त्यांचीही. तेव्हा ग्रीस नाझींच्या ताब्यात होता. अथेन्समध्ये भुकेनं हजारो माणसं मेली होती. त्या रात्री हॉलिवुडमध्ये उभं राहून तिच्या डोळ्यांपुढे हीच इमारत असणार.

मिनोतिसला हॉलिवुडनं बटलर दिला, एका चित्रपटात पोलीस अधिकारी दिला, नंतर 'लँड ऑफ द फारोज'मध्ये पुजारी दिला. पैसे बरे मिळत असतील. ज्याच्याकडे हॅम्लेटचा आवाज आहे त्यानं ट्रे घेऊन उभं राहायचं, हे मला सहन होत नाही. दादाचं मत वेगळं. तो म्हणतो, 'नटोरियस'च्या शेवटी जिन्यावरच्या त्या प्रसंगात जोसेफ नुसता बघतो आणि त्या बघण्यानं भीती दुप्पट होते, ती ताकद ग्रीक शोकांतिकेतूनच आलेली. ऐकल्यावर मीही जरा नरमले.

तिसरा दिवस: कोलोनोस

अथेन्सला येणारे पर्यटक कोलोनोसला जात नाहीत. लारिसा रेल्वे स्थानकापासून चालत गेलं की मध्यमवर्गीय वस्ती लागते: चार-पाच मजली इमारती, बाल्कन्यांना कापडी पडदे, खाली बेकरी, औषधांचं दुकान. जवळच सेपोलिया, जिथल्या कोर्टावर बास्केटबॉलपटू यान्निस आंतेतोकून्बो लहानपणी खेळला. या सगळ्यामध्ये झाडांनी भरलेली एक बुटकी टेकडी आहे. वर दोन पुरातत्त्वज्ञांची संगमरवरी स्मारकं, एक कार्ल ओटफ्रीड म्युलर, दुसरा शार्ल लनोर्मां. बाकावर म्हातारे बसलेले, एक आजीबाई नातवाला झोका देत होत्या.

हे सोफोक्लीसचं गाव. नव्वदीला पोहोचलेल्या सोफोक्लीसनं आपलं शेवटचं नाटक इथंच घडवलं. आंधळा, देशोधडीला लागलेला ईडिपस मुलीचा हात धरून कोलोनोसच्या राईत येतो आणि इथंच मरतो. सोफोक्लीस इसवीसनपूर्व 406 मध्ये गेला. नाटक त्याच्या नातवानं 401 मध्ये रंगमंचावर आणलं. त्यात कोरस या गावाचं वर्णन करतो: घोडे, बुलबुलांसारखे गाणारे नाइटिंगेल, आयव्हीच्या वेली, ऑलिव्ह. म्हाताऱ्या कवीनं आपल्या जन्मगावाचं केलेलं ते शेवटचं कौतुक आहे. आज तिथं पाइनची झाडं आणि पार्क केलेल्या स्कूटर आहेत, पण चढ तोच आहे.

मिनोतिसनं 'ईडिपस कोलोनोसला' 1950 च्या दशकात प्रथम केलं, दिग्दर्शनही त्याचंच, आणि नंतर म्हातारपणी तो पुन्हा त्याच्याकडे वळला. माझ्या मते त्याच्या आयुष्याचा गाभा इथं आहे. 'राजा ईडिपस' हे आवेगाचं नाटक आहे, पन्नाशीतला दमदार नट ते खेचून नेऊ शकतो. पण 'कोलोनोस'मध्ये माणूस बहुतेक वेळ एका दगडावर बसून असतो. ज्याला आता काही सिद्ध करायचं नाही, फक्त कुठं मरायचं ते ठरवायचं आहे, असा माणूस. त्याचा प्रत्येक नकार आणि प्रत्येक आशीर्वाद बसल्या जागेवरून यायला हवा. हे करायला अंगात वर्षं मुरावी लागतात, आणि मिनोतिसच्या अंगात ती कशी मुरली ते त्याच्या चरित्रात दिसतं.

1967 च्या एप्रिलमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. मिनोतिस आणि पाक्सिनूनं नॅशनल थिएटर सोडलं. साठी उलटलेली ही दोघं, ज्या संस्थेच्या पहिल्या फळीत होती तिच्यातून बाहेर पडली आणि स्वतःची मंडळी काढून पुन्हा तिकीटविक्रीच्या भरवशावर जगू लागली. या काळात पाक्सिनूनं ब्रेश्टची 'मदर करेज' केली. युद्धावर पोट भरणारी आणि युद्धातच मुलं गमावणारी बाई, ती हुकूमशहांच्या अथेन्समध्ये उभी करायची! कर्करोगानं पाक्सिनू 22 फेब्रुवारी 1973 ला गेली. पुढच्या वर्षी लष्करशाही कोसळली आणि मिनोतिसला नॅशनल थिएटरच्या प्रमुखपदी बोलावलं गेलं. तो परतला तो एकटा. आणि मग त्यानं म्हातारा ईडिपस पुन्हा केला.

दादा बराच वेळ टेकडीवर फिरत होता. कॉलेजात असताना त्यानं पु. ल. देशपांड्यांच्या 'राजा ओयदिपौस'चं वाचन केलं होतं, कोरसमधून. त्यातलं काहीबाही तो पुटपुटत होता. बाकावरच्या एका आजोबांनी आम्हाला खुणेनंच विचारलं, कुठले? दादा म्हणाला, "इंडिया." आणि मग पुढं, "सोफोक्लीस. मिनोतिस." आजोबांनी हात वर करून असं काही "मिनोतिस!" म्हटलं की शेजारचे दोघं वळून बघायला लागले. पुढचं सगळं ग्रीकमधून झालं. आम्हाला शब्द कळले नाहीत, पण त्यांनी काठी टेकत, मान मागे टाकून, आंधळ्यासारखे डोळे करून दोन ओळी म्हणून दाखवल्या, तेवढ्यावरून कळलं की यांनी ते पाहिलेलं आहे.

चौथा दिवस: डेल्फी

सकाळच्या बसनं तीन तास. लिवादियानंतर रस्ता डोंगरात शिरतो आणि एके ठिकाणी तीन वाटा एकत्र येतात. ईडिपसनं आपल्या बापाला, तो आपला बाप आहे हे माहीत नसताना, मारलं तो तिठा इथलाच मानतात. बस क्षणभरही थांबत नाही. आम्ही दोघं खिडकीला नाक लावून बसलो होतो. उन्हात खडक आणि झुडपं, बाकी काही नाही. पण इथं दोन रथ समोरासमोर आले तर एकाला बाजूला व्हावंच लागेल, हे भूगोलावरूनच समजतं.

अपोलोच्या मंदिराच्या वर, डोंगराच्या कुशीत डेल्फीचं थिएटर आहे. आत उतरायला परवानगी नाही, दोरी लावलेली असते. वरच्या कडेला उभं राहिलं की खाली मंदिराचे उरलेसुरले खांब, त्याखाली ऑलिव्हनं भरलेली दरी. प्राचीन नाटक उघड्यावर परत आणण्याचं पहिलं मोठं वेड याच जागी घडलं. कवी आंगेलोस सिकेलियानोस आणि त्याची अमेरिकन बायको ईव्हा पामर यांनी 1927 मध्ये इथं 'प्रॉमिथियस' केलं आणि 1930 मध्ये पुन्हा उत्सव भरवला. कोरसचे कपडे ईव्हानं स्वतः हातमागावर विणवले. तिची संपत्ती यात संपली. 1952 मध्ये ती अनेक वर्षांनी डेल्फीला परतली, इथं नाटक बघतानाच तिला झटका आला आणि ती गेली. तिला डेल्फीतच पुरलं आहे.

मिनोतिसनं 'राजा ईडिपस' 1951 मध्ये डेल्फीत केलं, स्वतः दिग्दर्शन करून, स्वतः ईडिपस होऊन. संगीत पाक्सिनूचं होतं. पुढच्या वर्षी हेच नाटक न्यूयॉर्कला गेलं, ब्रॉडवेवर, ग्रीक भाषेतच. डेल्फीतल्या प्रयोगाचा विचार केला की अंगावर काटा येतो. नाटकाच्या सुरुवातीला राणीचा भाऊ क्रेऑन देवाचा कौल घेऊन येतो तो डेल्फीहून. तो कौल जिथून निघाला, त्याच डोंगरात नाटक चाललेलं. मिनोतिसला नेपथ्याची गरजच नव्हती. पुढे आयुष्यभर तो म्हणूनच मोठ्या सजावटीच्या वाटेला गेला नसावा. मोकळी जागा, पायऱ्या, आणि मध्ये माणूस.

पाचवा दिवस: एपिडॉरस

कोरिंथचा कालवा ओलांडून बस पेलोपोनीजमध्ये आली. संत्र्यांच्या बागा, मग ऑलिव्ह, मग पाइनची राई आणि त्यात हे थिएटर. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं. खाली 34 ओळी, वर नंतर वाढवलेल्या 21, मिळून 55. बारा हजारांवर माणसं मावतात. शेजारी एस्क्लेपिअस या वैद्यदेवाचं मंदिर आणि रुग्णालय होतं. आजारी माणसं लांबून यायची, मंदिरात झोपायची, स्वप्नात देव उपाय सांगायचा, आणि बरं होण्याच्या त्या सगळ्या व्यवस्थेत नाटकही होतं. हे थिएटर शतकानुशतकं मातीखाली होतं. पानायिस कव्वादियास यांनी 1881 पासून इथं उत्खनन केलं तेव्हा ते वर आलं.

आणि इथं दादाच्या प्रश्नाचं उत्तर तारखेसह मिळतं. मातीतून वर आल्यावरही इथं पहिलं प्राचीन नाटक व्हायला सप्टेंबर 1938 उजाडावा लागला. सोफोक्लीसची 'एलेक्ट्रा', दिग्दर्शक रोंदिरिस, एलेक्ट्रा पाक्सिनू, आणि प्रयोग दिवसाउजेडी. मग युद्ध, मग यादवी. 1954 मध्ये रोंदिरिसनंच 'हिप्पोलितस' करून पाहिलं आणि 1955 च्या उन्हाळ्यात उत्सव रीतसर सुरू झाला तो मिनोतिसनं दिग्दर्शित केलेल्या 'हेकुबा'नं. हेकुबा पाक्सिनू. एकामागून एक मुलं गमावलेली ट्रॉयची म्हातारी राणी. प्रेक्षकांत अशा कितीतरी बायका असणार ज्यांनी गेल्या पंधरा वर्षांत मुलगा गमावला होता, कुणी जर्मनांच्या हातून, कुणी भावाच्याच हातून. जवळपास चोवीसशे वर्षांपूर्वीच्या नाटकाला त्यांच्यापेक्षा जाणकार प्रेक्षक कुठला मिळणार?

मारिया कॅलासही इथंच आली. 1958 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला केरुबिनीच्या 'मेडिया' ऑपेराचं दिग्दर्शन मिनोतिसनं केलं, नेपथ्य चित्रकार यान्निस त्सारूखिसचं. तालमीतली एक गोष्ट सांगतात: देवांना हाक मारताना कॅलास गुडघ्यावर बसून दोन्ही तळव्यांनी जमीन बडवू लागली. मिनोतिस चकित झाला, कारण पाताळातल्या देवांना असंच बोलवत असतील का, यावर त्याचा आणि पाक्सिनूचा खल चालला होता आणि कॅलासशी तो काहीच बोलला नव्हता. 1960 मध्ये तिनं एपिडॉरसला 'नॉर्मा' गायली, पुढच्या वर्षी 'मेडिया', दोन्ही वेळा दिग्दर्शक मिनोतिस.

त्या रात्री 'अँटिगनी' होती. नाटक नऊला, पण लोक सहापासून झाडांखाली. उंच टाचांच्या चपलांना मनाई, दगड झिजतो म्हणून. खालच्या ओळींतल्या लोकांनी उशा आणल्या होत्या. आम्ही वरच्या भागात नुसत्या दगडावर. सूर्य मागच्या डोंगराआड गेला, पाखरं शांत झाली, आणि दिवे लागले. अँटिगनी झालेली मुलगी विलक्षण होती. क्रेऑनसमोर ती हात मागे बांधून उभी राहिली आणि पूर्ण प्रसंगात पाऊलभरही हलली नाही. कोरसनं चालता चालता दगडांवर पाय आपटून ताल धरला, तो आमच्या बुडाखालच्या पायरीपर्यंत आला.

एका गोष्टीचा मात्र मला राग आला, आणि तो अजून आहे. नटांच्या गालावर माइक होते. या जागेत काडी मोडली तरी वर ऐकू येते असं म्हणतात. मिनोतिस आणि पाक्सिनूनं इथं नुसत्या छातीच्या जोरावर बारा हजारांना ऐकवलं. माइकमधून आवाज कुठल्या तोंडातून आला तेच कळत नाही. वृत्त कळतं, पण माणूस त्या वर्तुळात नेमका कुठे उभा आहे ते कानाला कळत नाही. दादा माझ्याशी सहमत नव्हता. त्याचं म्हणणं, आजचा नट कुजबुजूही शकतो, ते त्याला मिळालेलं नवं बळ आहे, आणि मिनोतिससुद्धा आपल्या काळात जुन्या पल्लेदार शैलीच्या लोकांशी असाच भांडला असेल.

नाटक संपल्यावर सगळी माणसं लिगुरिओ गावाकडे वळतात. तिथल्या लिओनिदास खानावळीत नट मंडळी वर्षानुवर्षं प्रयोगानंतर जेवायला येतात. भिंतीवर जुने फोटो आहेत. मध्यरात्र उलटून गेलेली, टेबलं भरलेली, पोरं कोकराचं मटण आणि टोमॅटोचे काप घेऊन पळत होती. आम्हाला कोपऱ्यात जागा मिळाली आणि वाद तिथंही चालूच राहिला. शेजारच्या टेबलावर कोरसमधल्या दोन मुली येऊन बसल्या, केस अजून घामानं ओले. दादानं त्यांना इंग्रजीतून सरळ विचारलं, माइक काढला तर तुम्हाला चालेल का? एक म्हणाली, नको रे बाबा, घसा बसेल. दुसरी म्हणाली, उद्या काढा. मग त्या दोघी आपसातच जुंपल्या आणि आम्ही मटण मागवलं.